खंडाळ्याची रात्र आणि विद्यापीठाचा निधी

लोणंदच्या बाजार आवारात कांद्याचे ढीग लागतात तेव्हा भावाची, ओलाव्याची आणि गाड्यांच्या भाड्याची चर्चा होते. कांद्याच्या रोपाला दिवसाची लांबी मोजता येते ही गोष्ट मात्र त्या चर्चेत कधी निघत नाही, आणि निघण्याचे कारणही नाही, कारण आमच्या शेतकऱ्याने ती पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरूनच हळव्या, रांगड्या आणि गरव्या कांद्याच्या लागवडीचे दिवस ठरवले आहेत. नुसती पात वाढवीत राहावे की मातीत गड्डा धरावा, हा निर्णय रोपाचा असतो. आणि तो करताना ते उष्णमानाबरोबरच दिवसाचा प्रकाश किती तास टिकला याचाही हिशेब घेते. उत्तर युरोपातील उन्हाळ्याच्या चौदा-सोळा तासांच्या दिवसाला सरावलेल्या जातीचे बी खंडाळा तालुक्यात आणून पेरले, तर पात हिरवीगार येईल, पण गड्डा म्हणावा असा धरणार नाही. कारण इथला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास भरतो, व तेवढ्याच फरकात वागण्याची ज्यांना सवय आहे अशाच जाती या मातीत टिकल्या. शाळूचेही तसेच आहे. दिवस आखडू लागल्याची खूण पटल्याशिवाय तो पोटरीवर येत नाही. आणि ज्या लोणंदच्या नावाने दख्खनी मेंढीचा एक प्रकार ओळखला जातो, त्या मेंढ्या वर्षातून एकाहून अधिक हंगामांत गाभण राहू शकतात, तर इंग्लंड-स्कॉटलंडच्या मेंढ्या दिवस लहान होऊ लागल्यावाचून माजावर येत नाहीत, या भेदामागेही अक्षांशानुसार बदलणाऱ्या प्रकाशाचाच हात आहे.

सजीवांच्या अंगी असलेल्या या कालज्ञानाचा शास्त्रीय शोध सुरू झाला तो 1729 साली. द मेराँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने लाजाळूच्या जातीचे एक झाड काळोखात नेऊन ठेवले, आणि सूर्य न पाहताही त्याची पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात हे नोंदवून ठेवले. या नोंदीचे महत्त्व ध्यानात यायला जवळजवळ दोन शतके जावी लागली. 1920 साली गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन कृषिशास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीन यांच्यावर प्रयोग करून फुलण्याची वेळ दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते हे सिद्ध केले; पुढे जर्मनीत एर्विन ब्यूनिंग यांनी हे आवर्तन आनुवंशिक असते असे दाखवले; 1971 साली कोनोप्का आणि बेंझर यांना फळमाशीत असे एक जनुक सापडले, की त्यात बिघाड झाला असता माशीचा दिवस एकोणीस तासांचा किंवा अठ्ठावीस तासांचा होतो, अथवा तिला दिवस असा राहतच नाही. त्या जनुकाचे काम कसे चालते हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना 2017 साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीत एक प्रथिन तयार होत राहते, साचते, पुरेसे साचले म्हणजे पेशीकेंद्रात शिरून आपल्याच जनुकाचे काम थांबवते, मग हळूहळू झिजते, आणि ते झिजले की जनुक पुन्हा कामाला लागते. या चक्राला लागणारा वेळ चोवीस तासांच्या आसपास असतो, आणि यालाच जैविक घड्याळ म्हणतात.

मनुष्याच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणारे तंतू जिथे एकमेकांना ओलांडतात त्या स्थानाच्या किंचित वर, सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक लहानसा पुंज आहे, आणि शरीराच्या सर्व वेळांवर त्याची देखरेख चालते. ऊन, घड्याळ आणि माणसांची वर्दळ यांच्यापासून दूर ठेवलेल्या मनुष्याचे स्वाभाविक आवर्तन चोवीस तासांहून सरासरीने दहा-बारा मिनिटे मोठे भरते. ते रोजच्या रोज सूर्याशी जुळवून घेण्याचे काम डोळ्यांत शिरणारा सकाळचा प्रकाश करतो. परंतु हा पुंज एकटा नाही. यकृत, स्वादुपिंड, हृदय, स्नायू, सर्वांच्या पेशींत तेच चक्र चाललेले असते, आणि यकृतासारखी इंद्रिये आपली वेळ पुष्कळशी जेवणावरून लावून घेतात. पहाटे चारच्या सुमारास शरीराचे उष्णमान सर्वांत खाली जाते. तेच अन्न तेवढेच खाल्ले तरी रात्री रक्तातील साखर अधिक चढते. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी अधिक येतात. आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांनी दिनचर्येला स्वतंत्र अध्याय दिला, आणि आपल्या संगीताने प्रहरांनुसार राग वाटून घेतले, त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला यात परके असे काही वाटू नये. मात्र परंपरेने जे नियमरूपाने सांगितले ते मोजून, तपासून, कोणाला किती लागू पडते हे ठरवणे ही आजच्या संशोधनाची जबाबदारी आहे.

हे शास्त्र केवळ परदेशांत वाढले अशी समजूत असेल तर ती दूर करण्यासाठी मदुराईचे नाव घेतले पाहिजे. प्रा. एम. के. चंद्रशेखरन (1937–2009) यांनी जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे या विषयाचे शिक्षण घेतले आणि मदुराई कामराज विद्यापीठात येऊन आपली शाखा उभी केली. जवळच्या टेकड्यांमधील एका गुहेत राहणाऱ्या वटवाघळांवर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केले. गुहेच्या आतल्या भागात प्रकाश पोहोचत नाही, तरी बाहेर अंधार पडला हे आतल्या वटवाघळांना कळते, ते कसे, असा त्यांचा प्रश्न होता. आणि एकमेकांच्या हालचालींवरून, संगतीवरून ही खबर आत पोहोचते असे उत्तर त्यांनी काढले. पुढे त्याच विद्यापीठात त्यांनी मनुष्याला काळाच्या सर्व खुणांपासून अलग ठेवता येईल अशी बंदिस्त वास्तू बांधली. जर्मनीत अँडेक्स येथे आशोफ यांनी जे भुयारी दालन उभारले होते, त्या प्रकारची सोय एका भारतीय राज्य विद्यापीठात झाली, आणि तिच्यातून निघालेले निष्कर्ष देशाबाहेरही वाचले गेले. एखाद्या राज्य विद्यापीठाला हे जमते, याचा हा पुरावा आहे. तेथे गुहा हाताशी होती. आमच्या हाताशी काय आहे, हे आता सांगतो.

खंडाळा म्हणताच पुष्कळांच्या डोळ्यांसमोर बोरघाट उभा राहतो. पण इथे अभिप्रेत असलेला खंडाळा तो नव्हे. नीरा ओलांडून पुणे जिल्ह्याची हद्द संपते तिथून खंबाटकीच्या घाटापर्यंत आणि पूर्वेला लोणंदपर्यंत पसरलेला सातारा जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा तालुका. पर्जन्यछायेतला, बाजरी-शाळूचा आणि मेंढरांचा. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. आणि ज्या बाईने 1897 च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना प्राण दिला, तिच्या गावाच्या पंचक्रोशीत आरोग्याच्या संशोधनाची गोष्ट काढताना संकोच वाटू नये. गेल्या काही दशकांत शिरवळपासून खंडाळ्यापर्यंत महामार्गाच्या दुतर्फा कारखाने उभे राहिले, आणि ज्या गावांत दिवस कोंबड्याच्या आरवण्याने सुरू होई, तिथे तो आता पाळीच्या भोंग्याने तीन ठिकाणी कापला जातो.

रात्रपाळी सुटलेला कामगार कंपनीच्या बसमधून सकाळी शिरवळच्या चौकात उतरतो, तेव्हा ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर येत असते. मेंदूतील त्या पुंजाच्या दृष्टीने ही दिवस उजाडल्याची वर्दी आहे, आणि वर्दी मिळताच तो शरीराला जागे ठेवण्याच्या कामाला लागतो. इकडे माणसाला निजायचे असते. चौकातल्या टपरीवर तो वडापाव खाऊन चहा घेतो. ते त्याचे रात्रीचे जेवण असते की सकाळची न्याहारी, हे यकृताला ठरवता येत नाही. भाड्याच्या खोलीवर पत्र्याचे छप्पर असते, खिडकीला गोधडी टांगून काळोख केलेला असतो, पण घंटागाडीचे गाणे गोधडीने अडत नाही, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही अडत नाहीत, आणि दुपारच्या आत पत्रा तापतो. आठ तासांची झोप चार-पाच तासांवर येते. आठवड्याने पाळी फिरते, आणि अंगाला जरा कुठे सवय लागते न लागते तोच ती मोडते. ‘नाईट लागली की पोट बिघडतं’ हे वाक्य या तालुक्यातल्या कोणत्याही डॉक्टरला नवे नाही. ते वाक्य केसपेपरवर आम्लपित्त म्हणून नोंदले जाते, औषध दिले जाते, आणि पाळीचा उल्लेख कागदावर येत नाही.

कारखान्याच्या पाळीची निदान हजेरीपटावर नोंद असते. शेतकऱ्याच्या रात्रपाळीची नोंद कोठेच नाही. शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, आणि रात्रीची लाईट असली की दारे धरायला रात्रीच निघावे लागते. हातात बॅटरी आणि खोरे, पायांत गमबूट; एक सरी भरली की दारे मोडून पाणी पुढच्या सरीत वळवायचे, मग ती भरेपर्यंत बांधावर बसायचे, डुलकी लागू द्यायची नाही, कारण पाणी फुटले तर रात्र फुकट जाते आणि सापाची व बिबट्याची भीती असतेच. सकाळी पुन्हा धार काढायची, जनावरांचे वैरणपाणी पाहायचे. हा मनुष्य स्वतःला रात्रपाळीचा कामगार समजत नाही, शासनाच्या कोणत्याही तक्त्यात तो तसा धरला जात नाही, आणि पाश्चात्त्य देशांतील ज्या अभ्यासांवरून आज रात्रीच्या कामाविषयीचे निष्कर्ष काढले जातात, त्यांत तर त्याचा मागमूसही नाही.

ते निष्कर्ष गंभीर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली जैविक घड्याळाची घडी मोडणाऱ्या पाळीच्या कामाला, कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्या गोष्टींच्या वर्गात घातले, आणि 2019 साली फेरविचार करून तोच निर्णय रात्रपाळीच्या कामाबाबत कायम केला. मधुमेह, स्थूलता आणि हृदयविकार यांच्याशीही रात्रपाळीचा संबंध पुष्कळ अभ्यासांत दिसून आला आहे. परंतु यांतील बराच पुरावा युरोप-अमेरिकेतील परिचारिका आणि कामगार यांच्यावरून जमलेला आहे, आणि तो इथे जसाच्या तसा लावता येईल असे मानणे धाडसाचे ठरेल. तसे का, याचे उत्तर पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी चालवलेल्या संशोधनाने दिले आहे. 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले, की आपल्या खेड्यांतले नवजात बालक सरासरी 2.7 किलो वजनाचे, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे 3.5 किलोचे, पण वजन व स्नायू इतके कमी असूनही आपल्या बालकाच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते. बारीक दिसणाऱ्या देहात चरबीचा वाटा अधिक, आणि म्हणून कमी वजनातच मधुमेहाचा धोका. अशा देहाला रात्रीचे जागरण आणि मध्यरात्रीचे जेवण किती जड जाते, हे या मातीतल्या माणसांवर मोजल्याशिवाय कळणार नाही.

याज्ञिकांच्या अभ्यासाचे आणखी एक वैशिष्ट्य आमच्या विषयाला लागू आहे. ज्या मुलांच्या आयांची नोंद गरोदरपणाआधी झाली होती, ती मुले मोठी होईपर्यंत आणि त्यानंतरही तो चालू राहिला. हे साध्य झाले ते गावोगाव फिरणाऱ्या, घरोघरी ओळख असलेल्या क्षेत्रसेवकांमुळे, आणि त्यांचे पगार चालू ठेवणाऱ्या, ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टसारख्या धीराच्या निधीमुळे. जैविक घड्याळाचा बिघाड वर्षानुवर्षे साचत जातो. पंचविसाव्या वर्षी रात्रपाळीला लागलेल्या तरुणाची साखर पंचेचाळिसाव्या वर्षी का वाढली, याचे उत्तर तीन वर्षांच्या प्रकल्पात मिळत नाही. आणि आमच्याकडील बहुतेक संशोधन-अनुदानांची मुदत तीन वर्षांची असते. पहिले वर्ष मंजुरीत, यंत्रे मागवण्यात आणि माणसे नेमण्यात जाते; दुसऱ्या वर्षी काम रुळावर येते; तिसऱ्या वर्षी अहवाल आणि नवा अर्ज लिहिण्यात उन्हाळा संपतो, आणि मंजुरीला विलंब झाला की शिकवून तयार केलेला सहायक दुसरी नोकरी धरतो. उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीत ठेवलेले लाळेचे आणि रक्ताचे नमुने तेवढे मागे राहतात, आणि त्या पेटीचे वीजबिल कोणत्या खात्यावर टाकायचे हा प्रश्न लेखाधिकाऱ्याच्या टेबलावर पडून असतो.

म्हणून या प्रस्तावनेत मला सर्वांत आग्रहाने मांडायचे आहे ते हे, की रात्रीचे काम आणि जैविक घड्याळ यांच्या दीर्घ अभ्यासासाठी विद्यापीठाचे केंद्र स्थापन करायचे तर पहिली तरतूद इमारतीची नको, मुदतीची हवी. 1991 साली अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने व्हर्जिनिया विद्यापीठातील जैविक कालमापनाच्या केंद्राला साहाय्य देऊ केले तेव्हा ते सुमारे दशकभर चालू राहिले, आणि त्या दशकात या शास्त्राने केवढी मजल मारली हे पुढील प्रकरणांवरून वाचकांच्या ध्यानात येईल. आमच्या केंद्राला त्याहून दीर्घ मुदत हवी, कारण त्याचा विषय प्रयोगशाळेतली माशी नसून आयुष्यभर काम करणारा मनुष्य आहे. ज्याच्या व्याजावर वीस वर्षे काम चालेल असा कायम निधी, त्यातून एक अध्यासन, चार-सहा क्षेत्रसेवकांचे पगार, शीतपेटी आणि तिची वीज, मनगटावर बांधायची हालचाल व प्रकाश मोजणारी यंत्रे, एवढ्यावर आरंभ करता येतो. खंडाळा तालुका कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. 1962 साली दक्षिण महाराष्ट्राच्या मुलांसाठी स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे केंद्र आणि शिरवळ किंवा खंडाळ्यात त्याचे क्षेत्रीय ठाणे, अशी रचना मला योग्य वाटते. शिरवळलाच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मेंढीच्या ऋतुचक्राचा आणि मनुष्याच्या दिनचक्राचा अभ्यास करणारे लोक एकाच गावात असणे ही सोय थोडी नाही.

पैसा कोठून यायचा? या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 6 जून 1930 रोजी स्थापन झाली ती साताऱ्याचे वकील रावबहादुर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून. शेतीच्या आणि कामगारांच्या स्थितीची पाहणी ही त्या काळी दानाची रूढ वाट नव्हती; मंदिर, घाट, धर्मशाळा, फार तर शाळा, इथपर्यंत दानाची कल्पना पोहोचली होती. काळ्यांनी संशोधनाला दान दिले, आणि धनंजयराव गाडगिळांसारखा संचालक लाभल्याने त्या दानाचे काय झाले हे महाराष्ट्र जाणतो. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक होते. ते अध्यासन सर रासबिहारी घोष यांच्या देणगीतून निर्माण झालेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी 1946 साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली आणि 1960 साली निधन होईपर्यंतची वर्षे तिच्या उभारणीत घालवली. आज त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेचे शेत बारामती तालुक्यात होळ येथे, खंडाळ्यापासून फार दूर नाही, आणि तिथे सोयाबीनच्या, म्हणजे दिवसाच्या लांबीवर फुलणाऱ्या त्याच पिकाच्या, जाती तयार झाल्या आहेत. बंगालच्या एका वकिलाचे दान एका कोकणी प्राध्यापकाच्या हातून नीरेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यापर्यंत असे येऊन पोहोचले. आणि ज्यांना रोख देणे शक्य नव्हते अशा घरांकडून मूठमूठ धान्य गोळा करून कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे चालवली, हे तर या जिल्ह्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

आजचा सुलभ मार्ग म्हणून कारखान्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीकडे बोट दाखवले जाते. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के या कामी खर्च करणे बंधनकारक केले, आसपासच्या प्रदेशाला प्राधान्य द्यावे असे म्हटले, आणि 2019 मध्ये सार्वजनिक विद्यापीठांतील संशोधनालाही त्या यादीत जागा दिली. तेव्हा शिरवळच्या कारखान्याने शिवाजी विद्यापीठाच्या संशोधनाला पैसा देणे पूर्णपणे कायदेशीर आहे. पण 2021 च्या नियमांनी दोन अडथळे उभे केले. चालू प्रकल्पाची मुदत आरंभीचे वर्ष सोडून तीन वर्षांच्या पुढे जाऊ शकत नाही. आणि संस्थेच्या कायम निधीत टाकलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींची आम्हांला गरज आहे, दीर्घ मुदत आणि मूळ भांडवल, त्याच दोन्ही या मार्गाने मिळत नाहीत. यंत्रे, शीतपेटी, फिरते तपासणी वाहन, एखाद्या तुकडीची तीन वर्षांची तपासणी, इतकेच त्यातून करावे. मूळ निधी उभारायचा तर राज्य शासनाने रुपयास रुपया घालण्याची हमी द्यावी आणि माजी विद्यार्थी, सहकारी संस्था, मुंबई-पुण्यात स्थिरावलेले सातारकर यांनी आपला रुपया आधी टाकावा, याखेरीज मला दुसरा मार्ग दिसत नाही. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचा अंदाज सांगितला गेला, पण त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा आहे. आणि देश आपल्या उत्पन्नाचा 0.64 टक्का एवढाच भाग संशोधनावर खर्च करीत असता जिल्ह्याच्या ठिकाणी त्यातले काय झिरपेल याची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि त्याचा आदर केला पाहिजे. ज्या तालुक्यातल्या रुग्णाला साध्या तपासणीसाठी साताऱ्याला किंवा पुण्याला जावे लागते, तिथे घड्याळाच्या संशोधनावर पैसा घालणे हा चैनीचा खर्च नव्हे काय? माझे म्हणणे असे, की या विषयातील उपाय बहुधा औषधांहून स्वस्त निघतात. अमेरिकेच्या युटा राज्यातील एका खनिज कारखान्यात झालेला प्रयोग 1982 साली प्रसिद्ध झाला. तिथे पाळ्या उलट्या दिशेने, म्हणजे रात्र, दुपार, सकाळ अशा दर आठवड्याला फिरत होत्या. संशोधकांनी त्या सकाळ, दुपार, रात्र अशा फिरवल्या आणि फेरबदलाची मुदत तीन आठवड्यांवर नेली, एवढेच केले. शरीराचे आवर्तन चोवीस तासांहून किंचित मोठे असल्याने वेळ पुढे ढकलणे त्याला सोपे जाते. कामगारांचे समाधान वाढले, आरोग्याविषयीचा त्यांचा अभिप्राय सुधारला, उत्पादनही वाढले. याला कागदावरचे वेळापत्रक बदलण्यापलीकडे खर्च लागला नाही. आमच्या पत्र्याच्या खोल्यांत, आमच्या जेवणाच्या वेळांत, सुट्टीच्या दिवशी शेतावर राबणाऱ्या आमच्या कामगाराला कोणती फेरपालट मानवते, हे शोधायला मात्र कोणीतरी इथे येऊन राहिले पाहिजे.

आणखी एक संधी आहे, आणि ती हातची जाण्यासारखी आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि 2023 पासून तिला नवा वेग दिला. जिथे जिथे ही वाहिनी पोहोचेल तिथे तिथे वर्षानुवर्षे रात्री जागलेला शेतकरी रात्री झोपू लागेल. हजारो माणसांच्या रात्री अशा एका योजनेने परत मिळण्याचा प्रसंग कोणत्याही प्रयोगशाळेला मुद्दाम घडवून आणता येणार नाही. वाहिनी येण्याआधी त्यांची झोप, रक्तदाब आणि साखर मोजून ठेवली, आणि नंतर पुन्हा मोजली, तर रात्रीच्या पाण्याने शरीरावर काय परिणाम केला होता आणि तो कितपत भरून निघतो, हे कळेल. आधीची मोजणी झाली नाही तर नंतरच्या मोजणीला अर्थ उरत नाही. केंद्राच्या स्थापनेची घाई करण्याचे माझ्या दृष्टीने हेच मुख्य कारण आहे. इमारत दहा वर्षांनी झाली तरी चालेल.

शेवटी एका अटीविषयी. कारखान्याकडून पैसा घ्यायचा आणि त्याच कारखान्याच्या रात्रपाळीविषयी सत्य सांगायचे, यांत ओढाताण आहे, आणि ती नाकारून चालणार नाही. रात्रपाळीत अमुक कामगाराची साखर वाढली ही माहिती मालकाच्या हाती गेली, तर त्याला त्या पाळीपासून सुटका मिळेल की नोकरीपासून, याची खात्री कोणी द्यावी? म्हणून देणगीच्या करारनाम्यातच लिहून घ्यावे, की व्यक्तीचे निष्कर्ष प्रथम त्या व्यक्तीच्या हाती, मराठीत, समजतील अशा शब्दांत जातील. कारखान्याला फक्त एकत्रित आकडे मिळतील. आणि ते आकडे प्रसिद्ध करण्यास देणगीदाराच्या परवानगीची गरज राहणार नाही. दारे धरणाऱ्या शेतकऱ्याच्या घरीही तोच कागद गेला पाहिजे, आणि तो वाचून दाखवायला गावची आशाताई असावी, म्हणून तिच्या मानधनाची रक्कम अंदाजपत्रकात निराळ्या सदराखाली पहिल्या वर्षापासूनच धरावी.